नवी सिस्टिम शिकायची म्हटलं की

गेल्या महिन्यात आमची कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, संपली आणि मी म्हटलं, पुढची डी अँड डीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका करत फाशांनी खेळायचा खेळ) नको, दुसऱ्या सिस्टिममध्ये, म्हणजे वेगळ्या नियमांचं काहीतरी खेळू. सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, "म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून?"

हा प्रश्न मी गेम मास्टर (गोष्ट चालवणारा) म्हणून बऱ्याचदा ऐकलाय. पूर्वी मला राग यायचा. मला तो आळस वाटायचा. आता तसं वाटत नाही.

आमच्यातले बहुतेक जण डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीतून या छंदात आले. तिची 2014 ची तीन मूळ पुस्तकं, प्रत्येक तीनशे पानांच्या वर. ज्याने तेवढं पचवलंय त्याला प्रत्येक नव्या खेळाची तेवढीच धास्ती वाटणार. लेझर्स अँड फीलिंग्स या छोट्या खेळाचे सगळे नियम एका पानावर मावतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या पात्राला 2 ते 5 मधला एकच आकडा. डोक्याने करायच्या कामात फासा त्याच्या खाली पडायला हवा, मनाने करायच्या कामात वर. दहा मिनिटांत खेळ सुरू!

पण पानांपेक्षा अवघड गोष्ट वेगळी आहे. ती मला कॉल ऑफ कथुलू हा भीतीचा खेळ खेळताना दिसली. आमच्यातला एक मित्र पाच वर्षं जादूगार खेळतोय, मंत्र तोंडपाठ. या खेळात तो प्राध्यापक होता, जुन्या कागदपत्रांत एक नाव शोधत होता. त्याने दहा बाजूंचे दोन फासे टाकले, एक दशकाचा, एक एककाचा. 91. दोन्ही हात वर करून तो ओरडला, बाकीचेही ओरडले. आणि मला सांगावं लागलं की तुझं कौशल्य 60 आहे, 60 किंवा कमी यायला हवं होतं. त्याचे हात हळूहळू खाली आले.

नियम त्याला समजला नव्हता असं नाही. अर्ध्या तासापूर्वी त्यानेच तो दुसऱ्याला समजावला होता. पण डी अँड डीत मोठा आकडा म्हणजे आनंद, हे पाच वर्षांत हातात मुरलंय. जो टेबलावर सगळ्यांना नियम सांगायचा, त्याला सगळ्यांसमोर पुन्हा नवखं व्हावं लागतं. त्याची ही अडचण मी आळस म्हणून मोडीत काढत होतो. तेव्हापासून मी गोष्ट सुरू करण्याआधी सगळ्यांना पाच-सहा वेळा नुसते फासे टाकायला लावतो, हरण्या-जिंकण्याशिवाय. पुस्तक वाचून या, असं तर कुणाला सांगतच नाही. पुस्तक वाचणं माझं काम.

एवढा खटाटोप कशासाठी? डी अँड डीतच भीतीची गोष्ट खेळू की, असं म्हणणारे भेटतात. खेळता येते, पण लेव्हलगणिक हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) वाढत जाणारं पात्र घाबरणार कशाला? कथुलूत सॅनिटी, म्हणजे मनाचा तोल, घसरत जाते आणि खेळाडू दार उघडायच्या आधी खरोखर थांबतो. नियम बदलले की माणसं वेगळं वागायला लागतात, मला तेच बघायचं असतं.

ब्लेड्स इन द डार्क या चोरांच्या खेळात तोच मित्र एका पहारेकऱ्यासमोर अडकला. एरवी आम्ही आधी तासभर बेत आखला असता. इथे थेट चोरीच्या मधूनच सुरुवात होते आणि तयारी मागाहून फ्लॅशबॅकमध्ये दाखवता येते. त्याने पात्राच्या शीटकडे पाहिलं, फ्लॅशबॅकची किंमत म्हणून स्ट्रेसच्या (ताणाच्या) एका चौकोनावर पेन्सिलीने खूण केली आणि म्हणाला, "काल रात्री मी याच्या घरी गेलो होतो. याची मुलगी आजारी आहे, औषध मी पोचवलंय." त्या पहारेकऱ्याला मुलगी आहे हे त्या क्षणापर्यंत मलाही माहीत नव्हतं. पुढचा अर्धा तास आम्ही त्या मुलीबद्दलच बोलत होतो.

तीन सेशन झाल्यावर मी विचारलं. तिघांना ब्लेड्स पुढे खेळायचंय, दोघांना डी अँड डी हवंय. त्या दोघांत तोही आहे, त्याला जादूगाराची आठवण येते. म्हणून आलटून पालटून खेळायचं ठरलंय. त्याची जुनी शीट मी जपून ठेवलीये, पुढच्या वेळी तीच काढू.