काथ्याचा खांब

कोल्हापुरात मनी प्लांट नसलेलं घर शोधायला निघालात तर दिवस मावळेल. घरच कशाला, सलूनच्या आरशापुढं, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, पतसंस्थेच्या काउंटरवर, सगळीकडं तो असतो. आणि बहुतेक ठिकाणी बाटलीत. बाटलीही अशी देखणी, की आधी तिच्यात काय होतं ते विचारायचं नसतं. माळकऱ्यांच्या घरातही अशी एखादी सापडते. 'पाहुण्यांनी दिली' एवढंच उत्तर मिळतं. चोरून आणला तर चांगला वाढतो, पैसा येतो, या गोष्टी आपण सोडून देऊ. तो मागून आणला तरी वाढतोच. आणि पैशाचं म्हणाल, तर पतसंस्थांच्या काउंटरवरच्या वेलांनी काय दिवे लावले ते सगळ्यांनी पाहिलंय.

नागाळा पार्कात एका जुन्या बंगल्याच्या आवारात नारळावर चढलेला एक वेल दिसला. पानं हातभर लांब, कडेपासून मधल्या शिरेपर्यंत चिरत गेलेली, वर पिवळे फराटे. झाडांना पाणी घालणाऱ्या मामांना विचारलं, "हे कसलं झाड ओ?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "मनी प्लांटच की. तुमच्या घरात न्हाई व्हय?"

होता की. पण आमच्याकडच्याचं पान तळहातावर ठेवलं तरी बोटं मोकळी राहायची.

भानगड अशी आहे, की हा वेल लोंबत राहिला किंवा जमिनीवर सरपटत राहिला तर पानं लहानच राहतात, पुढं पुढं तर आणखी बारीक होत जातात. चढायला काहीतरी मिळालं, की प्रत्येक नवं पान मागच्यापेक्षा थोडं मोठं येतं. पुरेसा उंच गेला की पानं फाटू लागतात. ऊन-पाऊस मनासारखा मिळाला तर एकेक पान तीन फुटांवर जातं. म्हणजे आपण बाटलीत पाळतो तो सगळा जन्म बालवाडीत काढतो.

मूळचा हा ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावरचा, पॅसिफिक महासागरातला. 1880 मध्ये त्याचं शास्त्रीय बारसं झालं तेव्हा नाव ठेवलं पोथॉस ऑरियस. पुढं त्याला सिंडॅप्सस नावाच्या गोत्रात घातलं, 1962 मध्ये ऱ्हाफिडोफोरांत, आणि 1964 मध्ये एपिप्रेम्नमांत. इतकी दत्तकविधानं व्हायचं कारण एवढंच, की झाडाचं गोत्र ठरवायला फूल लागतं, आणि हा गडी फुलायचं नावच घेत नाही. जिबरेलिन नावाचं संप्रेरक बनवण्यातला एक दुवा त्याच्यात निकामी आहे, असं 2016 मध्ये संशोधकांनी दाखवलं. ते संप्रेरक बाहेरून फवारल्यावर मात्र त्याला फुलं आली. आता फूल नाही म्हणजे बी नाही. मग पॅसिफिकमधून शाहूपुरीपर्यंत पोचला कसा? कुणीतरी एक पेर खुडलं, दुसऱ्याला दिलं, त्यानं तिसऱ्याला. श्रीलंकेत तर असाच तुकड्यातुकड्यानं रानात घुसून तो डोईजड झालाय. सलूनमधला, पतसंस्थेतला आणि नागाळा पार्कातला तो धिप्पाड, हे बहुधा एकाच वेलाचे तुकडे.

हे कळल्यावर आदर वगैरे काही वाटला नाही. आपल्या बाल्कनीत हा किती वाढतो ते बघायची खुमखुमी मात्र आली.

नर्सरीत तयार मॉस स्टिक, म्हणजे वेल चढवायच्या काठ्या, मिळतात, पण त्या पिचक्या असतात. वेल जड झाला की कुंडीसकट कलंडतात. त्यापेक्षा नळकामातून उरलेला प्लास्टिकचा पाइप घ्यावा आणि त्याला काथ्याची दोरी फट न ठेवता गुंडाळावी. खांब आधी कुंडीत पक्का बसवायचा, तळाला विटांचे तुकडे, वर लाल माती, कोकोपीट आणि लेंडीखत. पाणी साचून राहिलं की मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडतात, म्हणून कुंडीचं भोक मोकळं हवं. मग वेल खांबाला लावून सुतळीनं सैल बांधायचा.

खरी गंमत पेराच्या पाठीमागं आहे. तिथं तपकिरी रंगाचं एक बोंड असतं, हवेतलं मूळ. खांब कोरडा असेल तर ते तसंच वाळून टणक होतं, बोटाला टोचतं. खांब ओला मिळाला की टोक पांढरट होतं, वाकतं आणि काथ्याच्या धाग्यांत शिरतं. एकदा शिरलं की सुतळी सोडली तरी वेल हलत नाही. म्हणून पाणी कुंडीत बेतानं आणि खांबावर सढळ हातानं, वरून खाली निथळेल असं. माझा हा रोजचा कार्यक्रम बघून आई म्हणाली, "अभिषेक चाललाय व्हय रं?"

मार्च-एप्रिलमध्ये काथ्या दुपारपर्यंत खडखडीत होतो, तेव्हा अभिषेक दोनदा. एखादा वळीव झाला की तेवढीच सुट्टी. दुपारचं ऊन थेट लागलं तर पानं करपतात आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला तर पिवळे फराटे विरून सगळं पान हिरवंगार होतं. आमची राजारामपुरीतली बाल्कनी पूर्वेची आहे, सकाळचं ऊन येऊन जातं, ते त्याला मानवतं. आणि जून लागला की आपण बाजूलाच व्हायचं. कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात, चपलांना बुरा येतो, घरातला प्रत्येक माणूस चिडचिडा झालेला असतो. बाल्कनीत हा एकटा खूश. जुन्या पानाच्या देठाच्या खोबणीतून पोपटी सुरळी वर येते, आणि उलगडून पान सपाट झालं की मी त्यावर हात ठेवून मागच्याशी ताडून बघतो. मोठं असतंच.

पावसाळ्यात सकाळी पानाच्या टोकाला कधीकधी एक थेंब लटकलेला दिसतो. बाल्कनीत पाऊस आत येत नाही. मुळांनी रात्रभर ओढलेलं जादा पाणी पान तिथून बाहेर टाकतं. अळूच्या पानालाही हे दिसतं, दोघं एकाच कुळातले. वड्या मात्र अळूच्याच कराव्यात. याच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, चावलं तर तोंडाची आग होते. मांजर आणि रांगती पोरं यांच्यापासून लांब ठेवलेला बरा.

खालच्या मजल्यावरच्या काकू वर पापड द्यायला आल्या आणि त्यांना ही पानं दिसली. "ह्या मोठ्या जातीचं एक दे बाबा मला." जात तीच आहे, तुमच्या टीव्हीवर आहे तेच हे, असं मी दोनदा सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. शेवटी चांगल्या जून वेलाचं, दोन पेरांचं कांडं कापून दिलं. त्यांनी ते काचेच्या बरणीत, टीव्हीशेजारी ठेवलं. पुढचं पान लहान आलं, त्याच्या पुढचं त्याहून लहान. परवा जिन्यात गाठून म्हणाल्या, "दुसरंच दिलंस की मला. चांगलं ते स्वतःला ठेवलंस."

काकू, त्याला खांब लागतो, मी पाइप आणून काथ्या गुंडाळून देतो, म्हटलं. तर म्हणाल्या, "हॉलमध्ये पाइप? आमच्या ह्यांना काय सांगू, नळ फुटलाय म्हणून?"