दहा दिवसांचे अधिवेशन आणि आमच्या गल्लीतली फरशी

बेळगावजवळ महामार्गालगत उभ्या असलेल्या सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०१२ रोजी झाले. शेकडो कोटी रुपये खर्चून बांधलेल्या या वास्तूत कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन मात्र वर्षातून जेमतेम दहा-बारा दिवस भरते, आणि देखभालीचा खर्च वर्षभर चालू राहतो. त्यावर आपण तावातावाने बोलतो, ते योग्यच आहे. पण आपल्याच घरपट्टीतून गटारी, पथदिवे कुठे व्हावेत हे ठरवणाऱ्या महापालिकेच्या ५८ प्रभागांसाठी ३ सप्टेंबर २०२१ रोजी मतदान झाले, तेव्हा जवळपास निम्मे मतदार घरीच राहिले. (त्यांत मीही होतो.) पुढे आमच्या गल्लीतली धडधाकट फरशी उखडून नवी बसवली गेली, तेव्हा जाब विचारण्यासाठी नगरसेवकाचे नावसुद्धा मला शेजारच्या काकांना विचारावे लागले.