तुम्ही विचारलंत म्हणून: ‘एकदाच पक्कं का करत नाही?’

वाईचा घाट असो, सांगलीतला वाडा असो की दप्तरातले मोडी कागद असोत, जपणुकीचं काम चालू असलं की बघणाऱ्यांतला एक जण हमखास विचारतो, “अहो, हे चुन्याचं काम परत दहा-पंधरा वर्षांनी पडणारच. सिमेंट मारा की एकदा, मिटला विषय!” याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. द्यायला लागलं की विचारणाऱ्याला काम आठवतं. म्हणून बसून लिहितोय.

डागडुजी मूळ वस्तूपेक्षा थोडी कमजोर असावी लागते. चुकून नव्हे, ठरवून. पाणी, ऊन, क्षार यांचा मारा थांबत नाही, काहीतरी झिजणारच. मग विटेऐवजी गिलावा झिजू दे. गिलावा परत करता येतो, दोनशे वर्षांपूर्वीची वीट परत आणता येत नाही. एवढंच आहे, पण हे पटत नाही, कारण पैसे देणाऱ्याला टिकाऊ काम हवं असतं आणि आम्ही त्याला झिजणारं काम विकतोय असं वाटतं.

सांगलीचा 2019 चा पूर सगळ्यांना माहीत आहे. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या एका वाड्याचा खालचा मजला कित्येक दिवस पाण्यात होता. अठरा इंची विटांच्या भिंती, जुना चुन्याचा गिलावा. पाणी उतरल्यावर गिलावा फुगला, पोपडे पडले. घर राहतं, दिवाळी तोंडावर. घरच्यांनी जे मिळालं ते केलं: उरलेला गिलावा खरवडला आणि चार फुटांपर्यंत वॉटरप्रूफिंगची पावडर घातलेला सिमेंटचा गिलावा मारला, वर प्लास्टिक पेंट. कंत्राटदारानं फसवलं असंही नाही. नव्या घराला जे करतात तेच त्यानं केलं. पण नव्या घराला जोत्यावर डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर असतो, जमिनीतली ओल वर चढत नाही. वाड्याला तो नसतो. वाड्याची भिंत ओल पिते आणि गिलाव्यातून हवेत सोडते. तिचा हिशेब त्यावर चाललेला असतो.

सिमेंटनं ती वाट बंद झाली. ओल जिरली नाही, वर चढली. पुढच्या पावसाळ्यात सिमेंट जिथं संपलं त्याच्या बरोबर वर, पाच फुटांवर, लोणा फुटला, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी वर आली. लोकांना वाटलं, गिलावा कमी पडला. तो सात फुटांपर्यंत वाढवला. ओल आणखी वर गेली आणि भिंतीत बसवलेल्या तुळईच्या टोकापर्यंत पोचली. सागवान बाहेरून धडधाकट दिसत होतं, पण टोकाला स्क्रूड्रायव्हर दाबला की मुठीपर्यंत आत. खाली गिलाव्यावर बोटानं टकटक केलं तर पोकळ आवाज. मग एक दिवस त्याचा परातीएवढा तुकडा सुटला आणि त्याच्या पाठीला विटेचा अर्धा इंच चिकटून आला. क्षार पाण्याबरोबर येतात, पाणी उडालं की तिथंच त्यांचे खडे होतात आणि खडे होताना ते जागा मागतात. चुन्याचा गिलावा असता तर हे बरंचसं गिलाव्यात घडलं असतं. इथं ते विटेच्या चेहऱ्यात घडलं. उरलेली वीट नखानं खरवडली तरी पीठ पडत होतं.

“आता काढा की मग ते सिमेंट,” असंही सांगितलं जातं. काढतो, पण छिन्नी-हातोडीनं, ब्रेकर लावून नाही. आणि जिथं सिमेंट विटेपेक्षा घट्ट बसलंय, काढताना वीटच फुटते, तिथं ते राहू द्यावं लागतं. त्याआधी पन्हळ, सांडपाण्याचा पाइप आणि दर डांबरीकरणाला उंच होत गेलेला रस्ता बघायचा. पाणी येतच असेल तर पुढचं सगळं वाया. मग भिंत उघडी ठेवायची. ढोबळ हिशेब इंचाला महिना, म्हणजे अठरा इंची भिंतीला दीड वर्ष. हे ऐकून निम्मे लोक दुसऱ्या माणसाकडे जातात. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून घराबाहेर टाकायचा. पाण्यानं धुतला तर तो परत भिंतीतच जातो.

मग चुना. कळीचा चुना हौदात विझवून तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. घाई केली तर न विझलेला खडा भिंतीत जाऊन विझतो, महिन्या-दोन महिन्यांनी फोड येतो आणि फोडाच्या तळाशी पांढरा कण दिसतो. दुकानातला पोत्यातला चुना बऱ्याचदा हवा लागून मेलेला असतो. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग चाळलेली वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटांची हवी. काळ्या जळक्या विटांची चुन्याशी जमत नाही. थर दहा-बारा मिलिमीटरचा, भिंत आधी ओली करून, नंतर पंधरा दिवस ओलं गोणपाट. उन्हाळ्यात केलं तर तडे जातात. गूळ, हिरडा, बेलफळ यांबद्दल सगळे उत्साहानं विचारतात. गूळ-हिरड्याच्या पाण्यानं चुना हाताखाली चांगला चालतो, पण चुना मळायच्या दगडी घाणीत तो नीट मळला नसेल तर कितीही गूळ ओता, उपयोग नाही.

कागदाचं वेगळं काही नाही. फाटलेल्या पत्राला जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ लावतात, कारण ती पाण्यानं परत सोडवता येते आणि ताण आला तर कागदाआधी टिश्यू फाटतो. सेलोटेप पक्का असतो. काही वर्षांनी प्लास्टिक गळून पडतं आणि डिंकाचा तपकिरी डाग कागदात कायमचा मुरतो. लॅमिनेशनबद्दल तर बोलायलाच नको.

माण-खटावच्या ओघळींतले अनघड दगडी बांध बघा. “यातून तर पाणी गळतंय!” गळायलाच हवं. माती अडायची, पाण्याचा वेग मोडायचा, पाणी पुढं जाऊ द्यायचं. तिथं दगड सिमेंटनं सांधले तर पहिला मोठा पाऊस बाजूनं वाट काढतो आणि काठ घेऊन जातो. साताऱ्याजवळच्या कास पठारावरही फुलं वाचवायला कुंपण घातलं. जनावरं चरायची थांबली, गवत माजलं, आणि शेवटी कुंपणच काढावं लागलं.

पूर्वी या वादात सिमेंटला सरसकट शिव्या घालत असे. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं: सडलेल्या तुळईखाली पोरं झोपतात, सागवान परवडत नाही, सुतार मिळत नाही, तर तिथं लोखंडी गर्डर नको म्हणणारा तू कोण? आणि तो मला विचारेल, मग गर्डरचं टोक त्या ओल्या भिंतीत गंजून फुगलं की वीट कोण फोडणार? दोघांचंही बरोबर आहे. गर्डर घालायचाच तर टोक भिंतीत पुरू नये, जुन्या खांबांसारखं दगडी तळखड्यावर खांब उभा करून त्यावर टेकवावं, भिंतीपासून दोन बोटं मोकळं ठेवून. त्यानं खोली थोडी लहान होते. घरच्यांना ती लहान झालेली चालत नाही, आणि तो त्यांचा हट्ट आहे असं मला म्हणवत नाही.