ड्राय डेचा ग्लास

आमच्या पाटीवर रेस्टॉरंट, बार आणि टी रूम असं लिहिलंय, पण त्यातला टी रूम शोभेपुरताच. पणजीत फोंतायन्यासच्या बाजूला जुन्या घरात आमचं हॉटेल आहे. मालकांनी बरीच वर्षं परदेशात काढली, त्यामुळे मेनूकार्डावर 'भारतीय प्रेरणेचं जेवण' असं छापलंय. (भारतात बसून भारताची प्रेरणा, हे काही मला झेपत नाही. फणसाचे कबाब मात्र झकास होतात.) धंदा सगळा बारवर. टी रूममध्ये लोक वेताच्या खुर्च्यांवर बसून फोटो काढतात आणि बिअर मागवतात.

मी तिथे कॅप्टन, म्हणजे वेटरांची प्रमुख. 6 मे 2024 ला कोल्हापूरच्या एका कुटुंबाने काकांच्या साठीचं जेवण ठरवलं होतं, आणि हुर्राक पाजायचाच अशी अट घातली होती. दुसऱ्या दिवशी लोकसभेचं मतदान. मतदान संपण्याआधीचे 48 तास दारूविक्री बंद, म्हणजे रविवारी संध्याकाळीच बारला कुलूप लागलं आणि दारावर 'मद्य मिळणार नाही' ही पाटी. मी फोन करून सांगितलं, तर म्हणाले, गाड्या ठरल्यात, येतो.

हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू. तीच पुन्हा भट्टीला लावली की फेणी. फेणी बाटलीत वर्षानुवर्षं राहते, हुर्राक मात्र मार्च ते मे एवढाच. लिमका, लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून घेतात. ही मंडळी त्यासाठी घाट उतरून येणार आणि आम्ही समोर काय ठेवणार, ताक?

आमचा बारमन सावंतवाडीचा. कुलूप लावल्यापासून तो पालखी गेलेल्या देवळासारखा रिकामा बसला होता. मी म्हटलं, टी रूमचे डबे पडलेत, त्यातून काही होईल का? "करूया मगे ताय," म्हणाला आणि उठला.

पुढचा अर्धा तास मी काम सोडून बघत राहिले. आधी त्याने कडक असम उकळून बर्फावर ओतला. बघता बघता चहा गढूळ झाला. चहातलं कॅफिन आणि तुरट द्रव्यं थंडीत एकमेकांना धरून बसतात, म्हणून हे होतं. त्याने तो सरळ सिंकमध्ये ओतला. मग निलगिरीचा डबा काढला. हा चहा गार केला तरी नितळ राहतो. लिंबू पिळल्यावर त्याचा रंग उतरला आणि फिकट सोनेरी झाला. किचनमध्ये पुडिंगसाठी काजूच्या बोंडांचा पाक होता, तो थोडा घातला. मीठ, चिरलेली मिरची, वरून सोडा. मी चाखला. दारू नसली की अशी पेयं नुसती सरबतं होतात, घशात धरून ठेवणारं काही उरत नाही. इथे ते काम चहाचा तुरटपणा करत होता. बार आणि चहा यांचा धंदा एकच आहे हे मला त्या घोटाला पटलं. आंबट, गोड, कडू, तुरट आणि बर्फ किती वितळू द्यायचा एवढाच काय तो हिशेब.

मंडळींनी पहिला ग्लास तोंड वाकडं करून घेतला, दुसरा मागून घेतला. नऊच्या सुमारास टेबल चांगलंच रंगलं होतं. काका गाणं म्हणत होते. खिडकी रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे बाहेरून काय दिसत असेल ते सांगायलाच नको.

कुणीतरी सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो टाकला. आचारसंहितेची तक्रार तिथे केली की 100 मिनिटांत निकाल लावायचा, असा निवडणूक आयोगाचा दंडक. भरारी पथक त्याच्या कितीतरी आधी दारात. एक अधिकारी, दोन पोलीस, एक कॅमेरावाला. काकांचं गाणं अंतऱ्यातच थांबलं.

अधिकारी शांत माणूस. बारचं कुलूप बघितलं, साठ्याचं रजिस्टर मागितलं, मग टेबलावरचा ग्लास उचलून हुंगला.

"वास तर येतोय."

"बोंडांचा आहे, साहेब. पाक आहे तो."

"करून दाखवा."

कॅमेऱ्यासमोर आमच्या बारमनने पुन्हा सगळं केलं. हात जरा थरथरत होता, लिंबाची बी ग्लासात पडली, ती त्याने चमच्याने काढली. मधेच काका म्हणाले, "साहेब, ही दारू असती तर आम्ही इतकी शिस्तीत बसलो असतो व्हय?" एक पोलीस हसला. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी चहाचा डबा, पाकाची बरणी, सोड्याची बाटली, सगळं हुंगून कागदावर लिहून घेतलं. मग मेनूकार्ड उचललं.

"केवढ्याला देता हा?"

"280, साहेब."

"चहाचे 280?" पूर्ण तपासणीत त्यांचा आवाज चढला तो एवढ्याच वेळी.

मतदानानंतर बार उघडला आणि टी रूममध्ये पुन्हा बिअर सुरू झाली. मालकांना हा चहा कायम मेनूवर हवा होता. बारमन म्हणाला, बोंडं संपली की पाक संपला, पुढच्या मार्चला बघू. तरी 4 जूनला मतमोजणीचा ड्राय डे होता, त्यासाठी त्याने एक बरणी राखून ठेवली होती. त्या दिवशी मी आधी खिडकीचे पडदे ओढून घेतले. मग वाटलं, पडदे ओढलेले बघून जास्तच संशय येईल. पुन्हा उघडले.