यजमानाचा पिंग

भाच्याच्या हट्टापायी एके दुपारी राउटरचे पान उघडले आणि ज्या कामासाठी उघडले होते ते बाजूला ठेवून पोर्ट फॉरवर्डिंगचा तक्ताच, म्हणजे बाहेरून कोणत्या क्रमांकाच्या दाराशी (पोर्टशी) आलेले घरातल्या कोणत्या संगणकाकडे पाठवायचे याची यादी, वाचत बसलो. प्रत्येक नियमापुढे वर्णनासाठी एक चौकट असते. बहुतेक लोक ती कोरी सोडतात, मी सोडत नाही. त्यामुळे २७०१५ पुढे ‘शनिवारची टोळी’, ७७७७ पुढे ‘सुट्टीपुरते’ आणि ३४१९७ पुढे ‘फक्त चिकाटीच्या माणसांसाठी’ अशा माझ्याच नोंदी समोर आल्या. हे आकडे कोणत्या खेळांचे, हे जाणकारांना सांगायला नको. नियम अजून शाबूत आहेत, पण त्यांच्या पलीकडे कान देऊन बसलेला एकही प्रोग्रॅम आता चालू नाही. बाहेरून माहितीचे एखादे पॅकेट आलेच तर राउटर ते इमानेइतबारे आतल्या पत्त्यावर पोचवील आणि तिथला संगणक त्याला दाद देणार नाही. भाच्याला हवा होता २५५६५. मित्रांनी मिळून माइनक्राफ्टचे एक जग थाटायचे ठरवले होते आणि ते माझ्या संगणकावर चालावे, असे परस्पर ठरूनही गेले होते.

घरातून बाहेर जाणे सोपे आणि बाहेरून घरात येणे अवघड, ही इंटरनेटची आजची तऱ्हा काही कोणी मुद्दाम आखलेली नव्हे. ती टंचाईतून आली. इंटरनेटवरच्या यंत्रांना द्यायच्या बत्तीस बिटांच्या पत्त्यांची सारी बेरीज ४२९ कोटींच्या थोडी वर जाते आणि ती पुरणार नाही, हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागले होते. १९९४ साली नॅटची, म्हणजे अनेक यंत्रांनी मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरायची, कल्पना आरएफसी १६३१ या क्रमांकाच्या इंटरनेटविषयक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्याकडे अल्पकालीन उपाय म्हणूनच पाहिले गेले होते. त्याच वर्षी १९२.१६८ ने सुरू होणारे आणि तसलेच आणखी काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. २०११ च्या फेब्रुवारीत जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून संपले, आणि तात्पुरता उपाय घरोघरी कायमचा मुक्कामाला राहिला. आपण पाठवलेल्या पत्राचे उत्तर तेवढे स्वीकारायचे आणि आपण होऊन आलेले पत्र न फोडता टाकून द्यायचे, असा ज्याचा बाणा आहे अशा माणसासारखा राउटर वागतो. ज्याला फक्त पाहायचे, वाचायचे, ऐकायचे आहे त्याला याचा पत्ताही लागत नाही. ज्याला चार जणांना आपल्याकडे खेळायला बोलवायचे आहे, त्याचीच पंचाईत होते.

या पंचाइतीवर यूपीएनपी नावाची एक सोय आहे आणि ती मी नव्या राउटरवर सगळ्यात आधी बंद करतो. ती सोय अशी, की खेळानेच राउटरला परस्पर सांगायचे, ‘अमुक पोर्ट उघड’, आणि राउटरने तो मुकाट्याने उघडायचा. मधे ना पासवर्ड, ना तुमची संमती. खेळाला जे मागता येते ते घरातल्या इतर कोणत्याही प्रोग्रॅमलाही मागता येते, हे कारण मी लोकांना सांगतो आणि ते खरेही आहे. पण मनातले कारण वेगळे. कोणासाठी काय उघडले, हे माझ्या हातच्या नोंदीत असावे, एवढा एक खुळा आग्रह आहे. त्याच आग्रहापोटी मी डीएमझेडच्या वाटेला जात नाही. एका पोर्टसाठी अख्खा संगणक उघड्यावर ठेवणे मला पटत नाही. आणि प्रोटोकॉलच्या, म्हणजे पॅकेट पाठवण्याच्या रीतींच्या, यादीतला ‘दोन्ही’ हा पर्याय दिसला की मला निवडणाऱ्याचा आळस दिसतो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीला टीसीपी लागतो, फॅक्टोरिओ या खेळाला यूडीपी लागतो. जे लागते तेवढेच द्यावे. (याच पोर्टांच्या अधिकृत नोंदवहीत ६६६ हा सैतानाचा समजला जाणारा आकडा डूम या नरकातली भुते मारण्याच्या खेळाच्या नावावर आहे. ज्याने तो मागून घेतला त्याच्या विनोदबुद्धीला मी मनोमन दाद देतो.)

नियम लिहिण्याची क्रिया मात्र कोणत्याही आग्रही माणसाची परीक्षा पाहणारी. आतला पत्ता भरायला चार छोट्या चौकटी असतात. १९२ लिहिले की कर्सर आपोआप पुढे सरकतो, १६८ लिहिले की पुन्हा सरकतो, आणि आता बोटांना सवय झाली म्हणेपर्यंत तिसऱ्या चौकटीत नुसता १ लिहायचा असतो, तिथे तो जागचा हलत नाही. मग टिंब दाबावे. काही राउटरांवर टिंबाने कर्सर पुढे जातो, काहींवर टिंब चौकटीतच उमटते आणि पान लाल होऊन रागावते. हा पत्ता त्या संगणकासाठी आधी राखून ठेवलेला हवा, नाहीतर राउटरमधला पत्ते वाटणारा डीएचसीपी आज वीस देईल, उद्या तेवीस देईल, आणि २५५६५ वर आलेली मंडळी टीव्हीकडे पाठवली जातील. सगळे भरून ‘लागू करा’ म्हटले की राउटरवरचे दिवे एकेक करून मालवतात आणि आतल्या खोलीतून आरोळी येते, ‘‘नेट गेलं!’’ ही आरोळी कोणत्याही घरात दिवे पुरते मालवण्याच्या आत येते, असे माझे निरीक्षण आहे.

राउटर नावाची वस्तू जेव्हा घरात नव्हती, तेव्हा यातले काहीच करावे लागत नसे. माझ्या मोठ्या मावसभावाच्या खोलीत दोन संगणक पाठीला पाठ लावून ठेवलेले असत आणि त्यांच्यामध्ये एकच करड्या रंगाची क्रॉसओव्हर केबल. साध्या केबलीत तारा दोन्ही टोकांना सारख्या क्रमाने लागतात, हिच्यात पाठवणारी जोडी पलीकडे ऐकणाऱ्या जोडीला जोडलेली असते. एका टोकाचे बोलणे दुसऱ्या टोकाच्या कानात जावे म्हणून. दादा दोन्हीकडे पत्ते हाताने भरी. शेवटचा आकडा १ त्याचा, २ माझा. यावर कधी चर्चा झाली नाही. सर्व्हर अर्थातच १ वर. नकाशा तो निवडणार, बंदुका तो ठरवणार, आणि त्याला कोणी हाक मारली की तो उठून जाणार व जाताना खेळ बंद करणार, कारण जग त्याच्या यंत्रात होते. मी पडद्यावरची ‘जोडणी तुटली’ ही ओळ बघत बसे. एकदा मात्र त्याला अभ्यासासाठी कोणाकडे तरी जायचे होते. त्याने खेळ बंद केला नाही. मॉनिटरवर ‘हात लावू नये, चालू आहे’ अशी चिठ्ठी डकवली आणि तो निघून गेला. मी त्या रिकाम्या नकाशात दुपारभर एकटाच हिंडलो. त्याची आकृती एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिला मी एकही गोळी घातली नाही. एरवी मी एवढा सज्जन नव्हतो.

खेळ आपल्या यंत्रावर चालवणाऱ्या यजमानाचे काम मला त्या दुपारी कळले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण आज ते काम मी करतो तेव्हा चिठ्ठी आठवते खरी.

तर, नियम लिहून झाला. तो लागला की नाही हे घरातल्या घरात कळत नाही, ही त्यातली खोच. आपल्याच घरातून आपलाच बाहेरचा पत्ता टाकला, तर पुष्कळ राउटर गोंधळतात. आत वळून यायचे त्यांना जमत नाही. मित्र सुखाने आत येतात आणि आपण मात्र आपल्याच दाराशी तिष्ठतो. म्हणून फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासावे. त्याच्याही आधी एक गोष्ट पाहावी, जी फार थोडे लोक पाहतात. राउटर स्वतःचा म्हणून जो बाहेरचा पत्ता दाखवतो आणि जग आपल्याला ज्या पत्त्याने ओळखते, ते दोन्ही एकच आहेत का? राउटरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला निघाला, तर समजावे की आपण सीजीनॅटच्या मागे आहोत. पत्त्यांची टंचाई सेवा देणाऱ्या कंपन्यांनाही भेडसावू लागली, तेव्हा २०१२ मध्ये हा पट्टा खास त्यांच्यासाठी राखला गेला. आता अनेक घरे मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरतात आणि आपल्या तक्त्याच्या वर कंपनीचा आणखी एक तक्ता असतो, ज्यात आपल्याला एक ओळही लिहिता येत नाही. आपले नियम कितीही सुवाच्य असोत, पॅकेट तिथवर येतच नाही. मग कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागावा, किंवा सगळ्या मित्रांना एका खासगी आभासी नेटवर्कात ओढावे, किंवा आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीची कास धरावी. आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांना तोटा नाही, पण तिथेही राउटरची फायरवॉल बाहेरून आलेल्याला अडवतेच, आणि तिथेही कोणाला तरी बसून नियम लिहावा लागतोच. फायरवॉल अडवते याबद्दल माझी तक्रार नाही.

एवढ्या उपद्व्यापाबद्दल यजमानाला मिळणारे बक्षीस म्हणजे त्याचा पिंग, अर्थात सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ. सर्व्हर त्याच्याच पायाशी असल्याने तो शून्याच्या आसपास राहतो आणि हरणारा प्रत्येक जण त्यावर बोट ठेवतो. आरोप निराधार नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरवरच्या मित्राला जाऊन-येऊन निदान दहा मिलिसेकंद लागणारच; प्रत्यक्षात त्याच्या काही पट लागतात. क्वेक या गोळीबाराच्या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत पुढे जाण्याचे बटण दाबल्यावर सर्व्हरचे उत्तर येईपर्यंत आपला माणूस जागचा हलत नसे. १९९६ साली क्वेकवर्ल्ड या त्याच्या इंटरनेटसाठीच्या आवृत्तीत खेळाचे प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी खेळाडूच्या यंत्रालाच पुढचा अंदाज बांधायला लावले, तेव्हा दूरच्यांचे हाल थोडे कमी झाले. अंदाज चुकला की माणूस अजूनही मागे खेचला जातो आणि शिव्या यजमानाला पडतात. त्यातल्या काही योग्य पत्त्यावर पडतात. घरातल्या कोणीतरी फोटो वर चढवायला घेतले की बाहेर जाणाऱ्या पॅकेटांची रांग राउटरमध्ये साचते आणि सगळ्यांचा पिंग वीसवरून शेकड्यांत जातो. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल ही रांग आवरणारी सोय असेल तर ती चालू करून अपलोडची मर्यादा लाइनच्या क्षमतेपेक्षा जराशी खाली बांधावी. नव्या वेगवान जोडणीने होत नाही ते काम पुष्कळदा एवढ्याने होते. राउटर विकत घेताना लोक अँटेना मोजतात. त्यांना कोणी रांगेबद्दल सांगत नाही.

आणि हा जो शून्याजवळचा पिंग, तो वापरायला यजमानाला सवड कुठे असते? मी खेळापेक्षा सर्व्हरची काळी खिडकी जास्त पाहतो. तिच्यात ओळी सरकत राहतात. अमका आत आला. अमका उंचावरून पडला. तमका निघून गेला. अमक्याने गप्पांत काहीतरी लिहिले. या शेवटच्या प्रकारच्या ओळींकडे २०२१ च्या डिसेंबरपासून मी जरा निराळ्या नजरेने पाहतो. माइनक्राफ्टचा सर्व्हर या ओळींची नोंद ठेवायला जी वापरतो त्या लॉगफोरजे या तयार कोडच्या लायब्ररीत तेव्हा असे छिद्र सापडले, की गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ टंकली तरी सर्व्हरच्या यंत्रावर हवी ती आज्ञा चालवता येत होती. ज्यांना मी हौसेने आत घेण्याचा खटाटोप केला, त्यांच्यातल्या किंवा त्यांच्या आडून आलेल्या कोणाला घर ताब्यात घ्यायला एक वाक्य पुरले असते. त्या दिवसांत मी नियमापुढची खूण काढून ठेवली, नवी आवृत्ती चढवली, परवानगीची यादी लावली आणि मगच खूण परत केली. मंडळींना वाटले, नेट गेले.

मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवर खेळा की, इतका आटापिटा कशाला, असे समजूतदार लोक म्हणतात. त्यांना मी २०१४ चा ३१ मे सांगतो. खेळाडूंची इंटरनेटवर गाठ घालून देणारी गेमस्पायची सेवा त्या दिवशी थांबली आणि तिच्या भरवशावर असलेल्या कितीतरी खेळांची ऑनलाइन खोली एकदम रिकामी झाली. ज्या खेळांत थेट पत्ता टाकून जोडता येत होते, ते मात्र कोणाच्या तरी घरून चालू राहिले. अर्थात ‘कोणाच्या तरी घरून’ याचा अर्थ कोणीतरी ते चालू ठेवत होते. भाच्याच्या टोळीचे जग आता माझ्या डिस्कवर एका फोल्डरमध्ये आहे. त्यातला पूल एकाने बांधला, मनोरा दुसऱ्याने, जमिनीखालचा रेल्वेमार्ग दोघींनी मिळून. माझी त्यात एक झोपडी आहे आणि तीही मनोऱ्याच्या सावलीत. माझी डिस्क गेली तर ते सगळे जाईल, म्हणून मी प्रत अधूनमधून सगळ्यांना पाठवतो. ती कोणी उघडून पाहत नसावे.

मी काही जन्मभर हा संगणक चालू ठेवणार नाही, तेव्हा हे जग पुढे कोण चालवणार, असे मी त्यांना परवाच विचारले. भाचा लगेच म्हणाला, ‘‘मामा, मला दे. मी चालवतो.’’ मला बरे वाटले. त्याला त्याच्या राउटरचा बाहेरचा पत्ता वाचायला सांगितला.

‘‘शंभर, टिंब, एकाहत्तर...’’ तो म्हणाला.