सीटी स्कॅनचा फोटो 'क्लिअर' करायला गेलो अन्...

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी बाबा बंडीवरून पडले. डोक्याला वरून नुसतं खरचटलं होतं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही, पण तिसऱ्या दिवशी डोकं लय दुखायला लागलं अन् चालताना झोक जाऊ लागला, मग दारव्ह्याहून यवतमाळला नेऊन सीटी काढला. रिपोर्ट उद्या भेटन म्हणे. फिल्म तेवढी हातात होती. नागपूरचे ओळखीचे डॉक्टर म्हणाले, फोटो टाका.

मी फिल्म खिडकीच्या काचेला धरून फोटो मारला, तर बाबांच्या मेंदूतून मागचा कडुनिंब दिसून राहिला. मग एका ॲपमध्ये टाकून 'एचडी' केला. काय झ्याक दिसला राव, मले वाटलं काम झालं. डॉक्टरांचा लगेच फोन, "अहो, या रेषा ॲपने काढल्यात, स्कॅनमध्ये नाहीयेत. सीडी आणा, सीडी!"

सेंटरवरचा पोरगा म्हणे, सीडी आता कोणी नेत नाही दादा. तरी बसून घेतली, पण घरच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. शेवटी सेतू केंद्रातल्या जुन्या डेस्कटॉपवर लावली, मागं सातबाऱ्यावाल्यांची लाइन, अन् डॉक्टर फोनवर सांगून राहिले, विड्थ 80 ची 200 करा, लेव्हल 40 ची 80.

तेव्हा समजलं की स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला आकडा असते. पाणी 0, हवा उणे 1000, ताजं रक्त 60-70 च्या घरात, हाड त्याच्या कितीतरी वर. विड्थ म्हणजे त्यातले किती आकडे ग्रे मध्ये दाखवायचे, अन् लेव्हल म्हणजे त्यांच्या मधला आकडा. फिल्मवर 0 ते 80 एवढंच ग्रे मध्ये छापलं होतं, 80 च्या वरचं सगळं पांढरं, अन् 60-70 वालं रक्तही जवळपास पांढरंच. म्हणून कवटीला चिकटलेलं रक्त कवटीतच मिसळून गेलं होतं. सीडीवरच्या मूळ फाइलमध्ये चार हजारांच्या वर छटा राहतात, फोनच्या फोटोत 256, मग ॲप बिचारं आणणार कुठून?

आकडे बदलले अन् कवटीच्या आतून करड्या रंगाची बारीक चंद्रकोर वर आली. सेतूवाला पोरगाही वाकून पाहून राहिला होता. "हे काय हो दादा?" मले बोलताच आलं नाही.

अख्खं फोल्डर झिप करून पाठवलं, रेंजमुळं पाऊण तास गेला. त्याच रात्री नागपूर. रक्त थोडं होतं, ऑपरेशन लागलं नाही, नुसतं लक्ष ठेवलं. पुढच्या स्कॅनला बाबाच काउंटरवर म्हणाले, "पयले सीडी दे बाप्पा, फिल्म मंग दे."