तेरा नंबरचा चॅनेल

घरोघरी वायफाय आणि म्युझिक सिस्टीम जोडून देणं हा माझा व्यवसाय. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवर्समध्ये बरीच कामं असतात. बहुतेक तक्रारींचं कारण दारातच कळतं: पासवर्ड बदललेला असतो, नाहीतर राउटर टीव्हीमागे कोंबलेला असतो. मानपाड्याच्या त्या घरची तक्रार वेगळी होती. "आमचा वायफायवर चालणारा रेडिओ काही दिवस छान वाजतो, मग आठवडा आठवडा त्याला नेटवर्कच सापडत नाही," असं काका फोनवर म्हणाले होते.

गेलो तेव्हा काकू त्या रेडिओ सेटच्या शेजारीच खुर्चीत बसल्या होत्या. आयुष्यभर गाणं शिकवलेल्या बाई, पण काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. मुलाने अमेरिकेहून आणलेला हा सेट त्यांना सोयीचा पडतो, कारण त्याला बोटाला लागणारी खरीखुरी बटणं आहेत. पहिल्या बटणावर आकाशवाणीची 'रागम', २०१६ साली सुरू झालेली शास्त्रीय संगीताची वाहिनी. दुसऱ्यावर त्यांच्या गुरूंच्या तालमीच्या जुन्या कॅसेट, एका शिष्येने हार्ड डिस्कवर उतरवून दिलेल्या. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर त्यांना काही लावता येत नाही. सेट बंद म्हणजे त्यांचं ऐकणंच बंद.

आधी येऊन गेलेल्या दुरुस्तीवाल्यांनी काकू काय आणि कसं ऐकतात हे विचारलंच नसावं. एकाने सेट रीसेट करून बटणांवरचं सगळं पुसून टाकलं. दुसऱ्याने एक्स्टेंडर, म्हणजे वायफायची पोच वाढवणारा डबा, गळ्यात मारला, त्यानेही फरक पडला नाही. तिसऱ्याने "बाहेरचा माल आहे, इथे दुरुस्त होणार नाही" असं सांगून हात झटकले.

त्या दिवशीही सेटच्या यादीत शेजाऱ्यांची नेटवर्क दिसत होती, घरचं मात्र नाही. माझा फोन सेटला टेकवून धरला तर घरच्या नेटवर्कच्या सगळ्या कांड्या भरलेल्या. मग माझ्याच फोनचा हॉटस्पॉट लावला. सेट क्षणात जोडला गेला. म्हणजे सेटमधलं वायफाय ठणठणीत होतं.

"नौपाड्याला होतो तेव्हा एकदाही कटकट नव्हती," काकू म्हणाल्या. "बिल्डिंग पाडायला दिली, इथे राहायला आलो, तेव्हापासून हे सुरू झालं." सेट तोच, राउटरही तोच. बदललं होतं ते फक्त घर.

खरा उलगडा काकांच्या कालनिर्णयने केला. ते सोसायटीच्या कमिटीवर आहेत, त्यामुळे लाइट कधी गेली आणि जनरेटर किती वेळ चालला हे तारखेच्या चौकटीत लिहून ठेवतात. त्याच चौकटींत पेन्सिलने बारीक अक्षरात 'रेडिओ बंद', 'रेडिओ चालू' अशा नोंदी होत्या. मी पानं मागे चाळत गेलो. लाइट गेली की प्रत्येक वेळी रेडिओ बिघडत होता असं नाही. पण तो बंद पडला किंवा आपोआप सुरू झाला, तेव्हा आदल्या दिवशी नाहीतर त्याच दिवशी लाइट गेलेलीच होती. इतकी नीट लिहिलेली तक्रार मला क्वचितच मिळते.

लाइट गेली की राउटर नव्याने सुरू होतो आणि 'ऑटो'वर असेल तर आजूबाजूची गर्दी बघून चॅनेल, म्हणजे वायफायच्या लहरींसाठीची एक मार्गिका, स्वतःच निवडतो. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत विकली जाणारी उपकरणं साधारणपणे ११ पर्यंतच बघतात. कोणतं नेटवर्क कोणत्या चॅनेलवर आहे ते दाखवणारं फोनमधलं वायफाय अॅनालायझर अॅप उघडलं, तर वरच्या, खालच्या, समोरच्या घरांची नेटवर्क १, ६ आणि ११ वर दाटीवाटीने बसलेली, आणि काकांचं एकटंच १३ वर. राउटरने त्याच्या हिशेबाने मोकळी जागा धरली होती. इथे घेतलेल्या फोनला तो चॅनेल दिसतो. सेटच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. एक्स्टेंडर का निरुपयोगी ठरला तेही कळलं: तसला साधा एक्स्टेंडर मूळ राउटरच्याच चॅनेलवर बोलतो. नौपाड्याच्या तीन मजली इमारतीत एवढी गर्दी नसल्यामुळे राउटरला इतक्या वर जायची वेळ आली नसावी.

राउटरच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' काढून चॅनेल ११ पक्का केला, कारण तिथले शेजारी त्यातल्या त्यात क्षीण होते. चॅनेल शेजारच्या चॅनेलवर फार पसरू नये म्हणून त्याची रुंदी २० मेगाहर्ट्झवर आणली. गर्दीच्या टॉवरमध्ये असे जुने किंवा परदेशी सेट असतील तर २.४ चा पट्टा ऑटोवर सोडूच नये, असं माझं ठाम मत आहे. १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांच्या अंगावर न येता बसतात. त्यातला एक हाताने निवडावा. थोडी गर्दी सोसावी लागते, पण नेटवर्क गायब होत नाही.

सेटच्या यादीत घरचं नाव सगळ्यात वर आलं. पुसलेली बटणं पुन्हा भरली, राउटर मुद्दाम परत परत बंद-चालू करून पाहिला, मग काकूंना म्हटलं, "आता तुम्ही लावा." त्यांनी चाचपून पहिलं बटण दाबलं. सतारीचे दोन-चार सूर आले असतील नसतील, "मुलतानी," त्या म्हणाल्या आणि काकांना आधी चहा टाकायला पिटाळलं.

राउटरच्या पाठीवर मी चिठ्ठी चिकटवली: 'चॅनेल ११, ऑटो करू नये. रीसेट केल्यास पुन्हा ११.' कोणी नवा राउटर बसवायला आला तर हीच अट घालायची, हे काकांना सांगितलं. त्यांनी ते त्या दिवसाच्या चौकटीत लिहून घेतलं आणि लगेच मुलाला मेसेज केला, की दुसरा सेट पाठवू नकोस.